केबल टाय: कुठे कोणत्या मटेरियलचा?

तारेवरची कसरत (धागाकर्ता)

केबल टायच्या (वायरी बांधायच्या दातेरी पट्टीच्या) पिशवीवर लांबी-रुंदी ठळक छापलेली असते आणि मटेरियल कोपऱ्यात बारीक अक्षरांत. बहुतेक वेळा 'नायलॉन ६६', कधी तेवढंही नाही. नुसती रुंदी बघून टाय घेतला की एका ठिकाणी तो वर्षानुवर्षं टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणी हात लावताच कुडकन तुटतो. समोर पाच जागा आहेत:

१. छतावरच्या सौर पॅनेलच्या वायरी, गॅल्व्हनाइज्ड चौकटीला बांधायच्या. समुद्र जवळ.
२. डिझेल जनरेटर. हार्नेस (वायरींचा जुडगा) सायलेन्सरच्या पाइपाजवळून जातं.
३. शिशाच्या बॅटऱ्यांची खोली.
४. शीतगृह, उणे २५ अंश.
५. नेटवर्कचं रॅक.

सगळीकडे साधा काळा टाय चालेल का? नसेल तर कुठे काय? आणि 'का' जरा सविस्तर सांगा, म्हणजे सहावी जागा आली की पुन्हा धागा काढायला नको.

पक्कड

पाचपैकी फक्त पाचव्या जागी चालेल, आणि तिथेही त्याहून बरी वस्तू मिळते. तिच्याकडे नंतर येतो.

आधी नायलॉन ६६, कारण बाकी सगळं त्याच्याशीच ताडून बघायचं असतं. हा वितळतो साधारण २६० अंश सेल्सिअसला, पण सतत वापरासाठी त्याची मर्यादा ८५ अंश. वितळण्याचा आकडा बघून कुणी त्याला इंजिनावर चढवू नये. तेल, डिझेल, ग्रीस त्याला सोसतं. आम्ल सोसत नाही.

ताकदीचे आकडे रुंदीवर ठरतात. २.५ मिमी रुंद टाय सुमारे ८ किलो ओढ सहन करतो, ३.६ मिमीचा १८, ४.८ मिमीचा २२ आणि ७.६ मिमीचा ५५ किलो. ही कडं करून एकदाच ओढून घेतलेली मापं आहेत. नवा टाय, योग्य ओलावा, खोलीचं तापमान. तोच टाय दोन उन्हाळे काढल्यावर किती ओढेल, याचं उत्तर या आकड्यात नाही. वायरींचा जुडगा २२ किलोचा नसतोच, त्यामुळे वजनाने टाय तुटणं दुर्मीळ. तुटतो तो ऊन, मीठ, उष्णता किंवा कोरडेपणा यांच्यामुळे. म्हणून प्रश्न 'किती वजन' असा नाही, 'टाय राहणार कुठल्या हवेत' असा विचारा. रुंदी त्यानंतर.

नायलॉन पाणी पितं, ही दुसरी गोष्ट. साध्या हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं, पूर्ण भिजलं तर साडेआठ टक्क्यांपर्यंत. हे पाणी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये वंगणासारखं काम करतं. ते गेलं की टाय काचेसारखा वागतो. टाय सीलबंद पिशवीत येतात ते याच कारणासाठी, धूळ लागू नये म्हणून नव्हे.

निरगाठ

पक्कड यांना अनुमोदन. माझा मुद्दा रंगाचा. काळा टाय म्हणजे उन्हाचा टाय, हा सरसकट गैरसमज आहे.

ऊन अडवतो तो कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड), आणि तो पुरेसा, बारीक आणि सारखा मिसळलेला हवा. चांगल्या बाहेरच्या टायमध्ये किमान २ टक्के असतो. नुसता रंगापुरता काळा केलेला टाय दिसायला हुबेहूब तसाच. डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून पाकिटावर 'यूव्ही' (उन्हातले अतिनील किरण) असा उल्लेख नसेल तर तो आतल्या वापराचाच समजावा. दुधी, लाल, पिवळे, निळे टाय बाहेर लावूच नयेत. तारांवर खुणेसाठी रंग हवा असेल तर काळ्या टायने बांधा आणि रंगीत स्लीव्ह वेगळी घाला.

उन्हाने गेलेला टाय ओळखायचा कसा? पट्टी जिथे वळून डोक्यात शिरते तिथली बाहेरची बाजू बघा. आधी चकाकी जाते, मग बोटाला खडूसारखी पांढुरकी भुकटी लागते, मग वळणावर आडव्या केसाएवढ्या चिरा दिसतात. चिरा दिसल्या की तो टाय सुटा करून वाकवून बघायची गरज नाही. बदलायचाच.

पॅनेलखाली सावली असते म्हणून साधा चालेल, हेही चुकीचं. छतावरून परावर्तित होऊन यूव्ही खालूनही येतो आणि पॅनेलच्या पाठीमागे तापमान ७० अंशांच्या आसपास जातं. ऊन आणि उष्णता एकत्र आली की ऱ्हास वेगाने होतो.

गंजलेला खिळा

पहिल्या जागेत ऊन हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा चौकटीत आहे.

गॅल्व्हनाइज्ड म्हणजे लोखंडावर जस्ताचा लेप. समुद्राच्या हवेत मीठ असतं. मीठ, दव आणि जस्त यांच्यातून झिंक क्लोराइड तयार होतं, आणि ते नायलॉन ६६ चं वैरी आहे. नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, हे मीठ नेमके तेच बंध सोडवतं. टाय ताणाखाली नसता तर फारसं काही झालं नसतं. पण टाय हा जन्मभर ताणाखाली. मग ताण जिथे सर्वांत जास्त, म्हणजे डोक्याजवळच्या वळणावर, तिथून चीर सुरू होते आणि एक दिवस टाय सरळ दोन तुकडे. तुटलेली कड स्वच्छ, ठिसूळ, कुठेही ताणून पातळ झालेली नसते. यूव्हीचा सगळ्यांत भारी काळा नायलॉन ६६ घेतला तरी इथे तो असाच जाणार. कॅल्शियम क्लोराइडही हेच करतं, म्हणून जिथे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला ते टाकतात तिथे गाडीच्या खालच्या टायची हीच गत होते.

उपाय: पीए १२ किंवा पीए ११. दोन्ही नायलॉनच, पण साखळी लांब, त्यामुळे हल्ला व्हायला जागा कमी. पीए १२ पूर्ण भिजला तरी दीड टक्क्याच्या आसपासच पाणी घेतो. पीए ११ एरंडेल तेलापासून बनतो. (अवांतर: एरंडाचं झाड आणि उन्हातला टाय यांचं नातं असेल असं कुणाला वाटेल!) ताकद नायलॉन ६६ पेक्षा थोडी कमी, तेव्हा रुंदी एक पायरी वरची घ्या. आणि यूव्हीचा उल्लेख इथेही तपासायचा.

सुटा धागा

एवढा खटाटोप कशाला? सगळीकडे स्टेनलेस स्टीलचे टाय लावा आणि झोपा.

ओळंबा

झोप लागेल, पण वायरीचं इन्सुलेशन कापलं गेलं की उठावं लागेल.

स्टीलच्या पट्टीच्या कडा पातळ आणि कठीण. नायलॉनचा टाय थोडा ताणतो, वायर तापून फुगली की जागा देतो. स्टील देत नाही. दिवसा तापणं, रात्री निवणं आणि वाऱ्याचं हलणं मिळून उघड्या स्टीलची कड वायरीच्या सालीत रुतते. सौर वायरीत डीसी ४०० ते १००० व्होल्ट असू शकतात. तिथे साल फाटणं म्हणजे चौकटीत करंट, किंवा ठिणगी.

वापरायचाच असेल तर:

पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा लेप असलेला घ्या. लेपामुळे तापमानाची मर्यादा खाली येते, पॉलिएस्टर लेपाची साधारण १५० अंश. उघडं स्टील ५०० अंशांच्या पुढेही टिकतं.

समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, ३०४ नको. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडने खड्डे पडायला वेळ लागतो. ३०४ वर खाऱ्या हवेत चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग येतात.

जस्त किंवा अॅल्युमिनियमवर उघडं स्टेनलेस ठेवू नका. ओलाव्यात स्टेनलेस आणि जस्त यांची जोडी जमली की स्टील शाबूत राहतं आणि संपर्काच्या जागी जस्त झिजतं. टाय छोटा आणि चौकट मोठी म्हणून झीज हळू असते, पण लेप गेला की पुढचा गंज चौकटीचा.

बॉल-लॉकवाला (डोक्यातल्या गोळीने अडकणारा) स्टीलचा टाय एकदा ओढला की मागे येत नाही. हाताने पक्कड लावून ओढू नका, ताण मर्यादित ठेवणारं हत्यार वापरा. कापलेलं टोक डोक्याच्या आत दुमडा, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटेल.

पक्कड

आता दुसरी जागा. जनरेटरवर सगळीकडे सारखी उष्णता नसते, म्हणून एकच मटेरियल शोधू नका. हार्नेसच्या वाटेवर टप्पे करा.

इंजिनच्या बाजूला, पंखा-फिल्टरकडे: हीट स्टॅबिलाइज्ड (उष्णता सोसायला घटक मिसळलेला) नायलॉन ६६. सतत १०५ अंश, काही प्रकार १२५ पर्यंत. साधा नायलॉन इथे लगेच वितळत नाही. तो आधी सुकतो, मग ऑक्सिजनने पिवळट तपकिरी होतो आणि मग कंपनाने तुटतो. जुने टाय पिवळे पडलेले दिसले तर तेवढ्या भागात तापमान ८५ च्या वर आहे असं समजा.

ब्लॉकजवळ, टर्बोच्या अलीकडे: पीए ४६, हाही नायलॉनच. वितळतो २९५ अंशांना, सतत १५० पर्यंत. ईटीएफई हा फ्लोरोपॉलिमरही (फ्लोरिन असलेलं प्लास्टिक) १५० पर्यंत जातो, शिवाय आम्ल, अल्कली, किरणोत्सर्ग सगळं सोसतो. बहुतेकदा निळसर हिरव्या रंगात येतो. पण महाग, आणि जनरेटरवर त्याच्या रासायनिक गुणांचा काही उपयोग नाही. पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक त्याच्याही वरचं, २४० अंशांचं. ते विमान, प्रयोगशाळा, भट्टीपुरतं ठेवा.

सायलेन्सरच्या पाइपाजवळ: इथे प्लास्टिकचा विचार सोडा. आधी हार्नेस लांब न्या. नाहीच जमलं तर वायरीवर काचेच्या धाग्याची स्लीव्ह आणि त्यावरून उघडं स्टेनलेस. लेपवालं नाही, लेप करपतो.

थर्मामीटर नसेल तर इंजिन पूर्ण भारावर अर्धा तास चालवून बंद करा आणि त्यानंतर दहा मिनिटांनी मोजा. पंखा थांबल्यावर अडकलेली उष्णता वायरींकडे चढते. चालू इंजिनापेक्षा हे तापमान जास्त निघू शकतं.

तारेवरची कसरत

थर्मामीटर नसेल तर मोजायचं कशाने? 😀

पक्कड

पकडलंत! तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात, टायच्या जागी चिकटवायच्या. चढलेला रंग तसाच राहतो, नंतर सावकाश वाचता येतो.

गंजलेला खिळा

तिसरी जागा: पॉलिप्रॉपिलीन. शिशाच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल, चार्ज होताना त्याचे सूक्ष्म थेंब हवेत. नायलॉनला आम्ल पचत नाही, साखळी तुटून टाय पिठूळ होतो. पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. बॅटरीचा डबा स्वतः बहुधा त्याचाच असतो, यावरून काय ते समजा.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ताकद कमी: ४.८ मिमीचा पॉलिप्रॉपिलीन टाय साधारण १३ किलो, नायलॉन २२. दोन, सततच्या ताणाखाली तो हळूहळू लांबतो, म्हणून दोन आठवड्यांनी जुडगा ढिला वाटेल. एक रुंदी वरची घ्या आणि अंतर कमी ठेवा. तीन, पेट्रोल-तेलात फुगतो आणि आगीत थेंब गाळत जळतो. म्हणजे जनरेटरकडे नाही.

पाकीट हरवलं असेल तर कोणता टाय कशाचा हे वाटीभर पाण्यात कळतं. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाका, टायचा तुकडा बोटाने बुडवून चिकटलेले बुडबुडे पुसा आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९, तो तरंगतो. नायलॉन ६६ ची १.१४, तो तळाशी जातो. पीए १२ ही बुडतोच, तेव्हा दोन नायलॉनमधला फरक असा कळणार नाही. जाळून वास घ्यायचा सल्ला कुठे वाचलात तर तो करू नका. अॅसिटल (काही टाय या कठीण प्लास्टिकचेही असतात) जळलं तर फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू निघतो.

सुटा धागा

शीतगृहाबद्दल: टाय गरम पाण्यात उकळून घेतले की थंडीत तुटत नाहीत, हे खरं का?

निरगाठ

अर्धं खरं. फायदा पाण्याचा होतो, उकळण्याचा नाही.

'उणे ४०' लिहिलेलं असतं ते बसवलेल्या टायचं तापमान. बसवतानाची मर्यादा वेगळी असते आणि ती बहुधा बरीच वर असते, कारण बसवताना पट्टी तीव्र वळते आणि दात एकेक करून धक्क्याने उडी मारतात. कोरडा टाय उणे २० ला ओढला की डोक्यातून तुटतो किंवा आतलं लॉकचं जिभलं निखळतं. दुसरा प्रकार जास्त वाईट, टाय बसल्यासारखा दिसतो आणि नंतर सुटतो.

करायचं असं. टाय खोलीच्या तापमानाला, बंद पिशवीत. पिशवी बरेच दिवस उघडी पडली असेल तर आधी परीक्षा घ्या: पट्टी बोटाभोवती घट्ट गुंडाळा. मऊपणे वळली तर ठीक, 'टक' आवाज आला किंवा पांढरी रेघ उठली तर सुकली आहे. मग झिपच्या पिशवीत ओलसर कापड आणि टाय एकत्र ठेवा, दोन दिवस. पाणी थबथबायला नको, फार भिजलेला टाय ताणतो आणि ताकद कमी देतो. उकळायची घाई असलीच तर लक्षात ठेवा, उन्हाने किंवा आम्लाने गेलेला टाय पाण्याने परत येत नाही. सुकलेलाच येतो.

शीतगृहात जाताना टाय आतल्या खिशात ठेवा आणि थोडे थोडे बाहेर काढा. कायम उणे तापमानात काम असेल तर इम्पॅक्ट मॉडिफाइड नायलॉन घ्या, त्यात रबरासारखा घटक मिसळलेला असतो. बसवण्याची मर्यादा पाकिटावर वाचा. अॅसिटलही पाणी जवळपास घेत नाही म्हणून कोरडेपणाचा प्रश्न त्याला नाही, पण तीव्र आम्लाजवळ नको.

ओळंबा

शीतगृह अन्नपदार्थांचं असेल तर अजून एक. तिथे धातू शोधकाला सापडणारे निळे टाय वापरतात. नायलॉनमध्ये किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये धातूची भुकटी मिसळलेली असते, तुटलेला तुकडा मालात पडला तर शोधकावर दिसतो. निळा रंग अशासाठी की निळं अन्न जवळपास नसतंच, डोळ्यालाही लगेच दिसतं. भुकटीमुळे ताकद जरा कमी होते. साधा निळा टाय म्हणजे हा टाय नव्हे.

पक्कड

पाचवी जागा, आणि ती 'बरी वस्तू': वेल्क्रोची पट्टी. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या जोड्यांना ठरावीक पीळ असतो. टाय करकचून ओढला की जोड्या चपट्या होतात, पीळ बिघडतो, सिग्नल परत फिरतो. टेस्टरवर चूक टायच्या जागी दिसते, केबल बदलून उपयोग होत नाही. शिवाय रॅकमध्ये केबल काढा-घाला चालू असते, दर वेळी कटर चालवताना शेजारची केबल कापली जाण्याचा धोका. फायबरला तर प्लास्टिकचा टाय नकोच.

प्लास्टिकच लावायचा तर हाताने, टाय ओढायची बंदूक न वापरता, आणि टाय जुडग्यावर बोटाने सरकेल इतका ढिला.

रॅक वातानुकूलन परतीच्या पोकळीत असेल तर धूर कमी करणारे टाय लागतात. आगीच्या श्रेणीत साधा नायलॉन ६६ यूएल ९४ या ज्वलन-चाचणीच्या मानकाप्रमाणे व्ही-२, त्याहून चांगल्या व्ही-० श्रेणीचाही मिळतो.

निरगाठ

खरेदी करताना आयईसी ६२२७५ हा आकडा शोधा, हे केबल टायचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात उत्पादकाला किमान-कमाल तापमान आणि प्रकार जाहीर करावा लागतो. चाचणीनंतर प्रकार १ च्या टायने जाहीर ताकदीचा निदान अर्धा भाग राखायचा असतो, प्रकार २ च्या टायने पूर्ण ताकद. वायरींचा आधार म्हणून टाय वापरायचा तर प्रकार २ घ्या.

अवांतर: केबल टाय १९५८ मध्ये थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगन यांनी विमानातल्या वायरिंगसाठी काढला, दोरीच्या गाठींनी बोटं कापली जायची त्यावर उपाय म्हणून. त्याच्या डोक्यात स्टीलचा छोटा दात होता. तसला अजूनही मिळतो, कंपन असेल तिथे दातेरी पट्टीपेक्षा घट्ट बसतो.

तारेवरची कसरत

सर्वांचे आभार. म्हणजे यादी अशी झाली. छत: यूव्हीवाला काळा पीए १२, ४.८ ऐवजी ७.६ मिमी. जनरेटर: हीट स्टॅबिलाइज्ड, मग पीए ४६, शेवटी स्लीव्हवरून स्टेनलेस. बॅटरी: पॉलिप्रॉपिलीन. शीतगृह: इम्पॅक्ट मॉडिफाइड, अन्नाचं असेल तर निळा. रॅक: वेल्क्रो. बरोबर ना?

गंजलेला खिळा

बरोबर, दोन दुरुस्त्या. छतावर वायरीचं सगळं वजन टायवर टाकू नका. पॅनेलच्या चौकटीला वायरीची क्लिप लावा, टाय फक्त वळणांवर आणि जुडगा धरायला. अॅल्युमिनियमच्या कापलेल्या धारदार कडेवरून टाय नेऊ नका, कडेला रबराची किनार बसवा. बॅटरीच्या खोलीत ऊन येणारी खिडकी असेल तर पॉलिप्रॉपिलीनही काळा, यूव्हीवाला हवा. साधा पॉलिप्रॉपिलीन उन्हात नायलॉनपेक्षाही लवकर जातो.

ओळंबा

शेपट्यांचं कुणी बोललं नाही. शेपटी पिळून तोडली तर डोक्याबाहेर तिरकी धार राहते, हात ओरबाडते आणि पुढची वायर घासते. चपट्या तोंडाचं, सपाट कापणारं कटर वापरा, डोक्याला टेकवून. छतावर मात्र पीए १२ ची शेपटी दोन-तीन मिमी ठेवा. तापून-निवून पट्टी एक दात मागे सरकली तरी सुटणार नाही. आणि कापलेले तुकडे वेचून खाली आणा, पावसाच्या पाण्याबरोबर ते थेट नाल्याच्या जाळीत जाऊन बसतात.